विहीर १३० मीटर सरकली

सिंहगडाच्या पायथ्याच्या जुन्या विहिरींची यादी पुण्यातल्या एका कार्यालयातून मिळाली. प्रत्येक विहिरीपुढे अक्षांश-रेखांश, सुबक टंकलेले. ते मोबाइलमध्ये भरून डोणज्याला गेलो आणि थेट भाताच्या खाचरात उभा राहिलो. बांधावरचे आजोबा म्हणाले, "हिर व्हय? ती काय, तिकडं चिंचंखाली." दुसऱ्या विहिरीचं तेच, तिसरीचंही तेच. दर वेळी खरी विहीर वायव्येला, सुमारे १३० मीटरवर.

चूक एकाच दिशेला, एकाच मापाने होते म्हटल्यावर तिथेच उमजायला हवं होतं. मी पंधरा दिवस मोबाइलला शिव्या दिल्या.

मग कार्यालय गाठलं. "हे आकडे कोणत्या डेटमवरचे?" मी विचारलं. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार आणि जो आरंभ धरतात, तो पाया.

"अहो, अक्षांश म्हणजे अक्षांश. त्यात जुनं-नवं काय?"

दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला लेखी अर्ज मागितला. विषयाच्या ओळीत 'डेटम'ला मराठीत काय लिहावं, हे मलाच सुचेना. चौथ्या खेपेला शिपाईमामांनी आपणहून कपाटातून मूळ नकाशा काढला. टोपोशीट, म्हणजे भूभागाचा सविस्तर सर्वेक्षण-नकाशा, क्रमांक ४७ एफ/१५, जीपीएसच्या आधीच्या जमान्यातली! यादी तिच्यावरूनच उतरवलेली. ही एक ओळ यादीखाली लिहिली असती तर माझा महिना वाचला असता.

जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या चपट्या गोलाकाराच्या एका गणिती नमुन्यावर बेतलेल्या, मोजणीचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. तो लंबगोल भारताच्या अंगाला बसेल असा शिवलेला, त्यामुळे त्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रावर नाही. मोबाइलमधल्या जीपीएसचा डेटम, डब्ल्यूजीएस ८४, मात्र पृथ्वीचं केंद्र धरून चालतो. जागा तीच, आकडे वेगळे.

रूपांतराला दहा मिनिटं लागली. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यादीला 'कल्याणपूर १९७५' हा डेटम (ईपीएसजी या जागतिक सूचीतला क्रमांक ४१४६) लावायचा, मग डब्ल्यूजीएस ८४मध्ये रूपांतर करून नवी फाइल काढायची. नुसतं लेबल बदलून आकडे बदलत नाहीत. मी आधी तेच करून पुन्हा खाचरात गेलो होतो. सॉफ्टवेअरच्या डेटम-सूचीत 'कल्याणपूर १९६२'ही दिसेल, ते पाकिस्तानसाठीचं. रूपांतरात केंद्र तीन दिशांना सरकवण्याचे आकडे २९५, ७३६ आणि २५७ मीटर आहेत ना, तेवढं बघा.

हो, त्याआधी एक: अंशात साठ मिनिटं असतात, म्हणून १८ अंश २४ मिनिटं म्हणजे दशांशात १८.२४ नव्हे, १८.४. आणि अंशांऐवजी मीटरमध्ये हवं असेल तर यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत: पुण्याला तिचा ४३वा पट्टा, नागपूरला ४४वा.

दुरुस्त यादीत मी 'डेटम' असा रकाना वाढवला आणि एक प्रत कार्यालयात दिली. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली. "हा शेवटचा रकाना काढला तर एका पानात बसेल ना?"