स्को एक्स-१: १२० हर्ट्‌झची गळती आणि ४८० सेकंदांचा नवा बेत

स्को एक्स-१ या न्यूट्रॉन ताऱ्याच्या जोडीकडून येणाऱ्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधताना मिळालेला ११९.९३ हर्ट्‌झचा उमेदवार संकेत बाद. लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन दोन्ही डिटेक्टरांत तो जवळपास सारखाच दिसत होता, त्यामुळे एकेका डिटेक्टरची चाळणी त्याला अडवेना. पण लक्ष्य सोडून आकाशात १०-१० अंश सरकलं तरी टू-एफ (संकेत किती ठळक ते सांगणारा आकडा) खाली यायचं नाव घेईना. म्हणजे वीजपुरवठ्याची रेषाच. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, तिची दुप्पट १२०, आणि ती दोन्ही ठिकाणी.

खरी डोकेदुखी पुढे आहे. पृथ्वीच्या गतीचा डॉपलर (०.०१२ हर्ट्‌झ) आणि जोडीच्या कक्षेचा (जास्तीत जास्त ०.०३६) मिळूनही हा टेम्पलेट, म्हणजे अपेक्षित संकेताचा साचा, ११९.९८च्या वर जात नाही. मग १२०ची रेषा आत शिरली कशी?

एसएफटीच्या, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याच्या फूरिये रूपांतराच्या, लांबीमुळे. कक्षेची प्रक्षेपित त्रिज्या १.४५ ते ३.२५ प्रकाश-सेकंद, फेरी १८.९ तासांची. वरचं टोक धरलं तर १२० हर्ट्‌झला वारंवारता सेकंदाला ३.३ मायक्रोहर्ट्‌झपर्यंत सरकते. १८०० सेकंदांत संकेत दहाएक बिनांत (वारंवारतेच्या कप्प्यांत) फासला जातो, म्हणून एसएफटी २४० सेकंदांची घेतली. पण तिथे बिन ४.२ मिलिहर्ट्‌झचा, आणि टेम्पलेट रेषेच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हा मध्ये ४० ऐवजी जेमतेम ५ बिन उरतात. तुकड्याच्या कडा उतरत्या करणारी टुकी खिडकी बीटा ०.००१ ला चौकोनीच समजा; तिची गळती, म्हणजे रेषेची ताकद शेजारच्या बिनांत सांडणं, अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे फारच सावकाश उतरते.

हॅन खिडकीची गळती अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. ती लावून अर्धा ओव्हरलॅप दिला आणि उमेदवार जमीनदोस्त! मजा आली. अर्थात फुकट काही नाही. ओव्हरलॅपमुळे शेजारच्या एसएफटींचा गोंगाट एकमेकांत गुंततो, टू-एफचं चार मुक्तिअंशांचं काय-वर्ग वितरण सरळ लागू पडत नाही. थ्रेशोल्ड शेजारच्या स्वच्छ पट्ट्यावरूनच काढावा. शिवाय टू-एफ काढणाऱ्या डीमॉड पद्धतीची डिरिक्ले कर्नल (एसएफटी जोडायचं सूत्र) चौकोनी खिडकी गृहीत धरते, तो तोटा वेगळा.

हे रन चालतात त्या नागपुरात सध्या पारा ४४-४५ला, दुपारी प्रोसेसर आपोआप मंदावतो. मोठे रन रात्रीच लावा, कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. आणि प्रोसेसरला बर्डी बाजारातली बिनब्रँड थर्मल पेस्ट नकोच.

पुढे २४० हॅनवरच जायचं ठरलं होतं, पण लिहिता लिहिता सुचलं: हॅन कडा दाबतो, त्यामुळे खिडकीची प्रभावी लांबी निम्म्यावर येते. मग ४८० का नको? वाईटात वाईट सरक पाऊण बिन, आणि रेषा १० बिन लांब. आधी मेकफेकडेटा व्ही-५ या प्रोग्रॅमने १.४५, २.३५ आणि ३.२५ त्रिज्येची इंजेक्शनं (मुद्दाम घातलेले बनावट संकेत), खिडकी तीच ठेवून. १८०च्या रेषेपाशी मात्र ३९० सेकंदांच्या आसपासच थांबावं लागेल.

औंढा नागनाथचा लायगो-इंडिया आला की त्याची वीजरेषा ५०च्या पटीत पडेल, तेव्हा १२० आणि १८० तिथून तपासता येतील. ३०० मात्र ६० आणि ५० दोन्हींच्या पटीत, म्हणून दोघांचीही डोकेदुखी.