पित्ताशयातले केराटिनचे मोती

पित्ताशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे 90 टक्के ग्रंथिपेशींचे, म्हणजे अडिनोकार्सिनोमा असतात. म्हणूनच खड्यांसाठी काढलेल्या एका पित्ताशयाची स्लाइड पाहताना, वेड्यावाकड्या ग्रंथींच्या शेजारी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गुलाबी केराटिनचे, म्हणजे त्वचा आणि केसांत असणाऱ्या प्रथिनाचे, मोती दिसले, तेव्हा स्लाइड सरकवणारा माझा हात थबकला. हा अडिनोस्क्वेमस कार्सिनोमा, म्हणजे ग्रंथिपेशी आणि त्वचेसारख्या चपट्या स्क्वेमस पेशी असा दोन्हींचा मिळून झालेला कर्करोग होता. स्क्वेमस भाग किमान 25 टक्के असेल तरच हे नाव देतात, त्यामुळे एकाच तुकड्यावर निदान करणे मला धोक्याचे वाटते. मी गाठीचे आणखी तुकडे घेतले आणि स्क्वेमस पेशींतले पी40 हे प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीने त्या पेशींची खात्री करून घेतली. सोनोग्राफीत हा प्रकार वेगळा ओळखू येत नाही, आणि तो लगतच्या यकृतात लवकर घुसतो. म्हणून साधे वाटणारे पित्ताशयही तपासणीला पाठवावे, अशी सर्जन मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे.