ताडोबातील आजची सकाळ

आज पहाटे मोहर्ली प्रवेशद्वारातून ताडोबात शिरलो. जिप्सीतील सर्वांचे डोळे वाघ शोधत होते, आणि त्यात गैर काही नाही. पण माझे मन रमले ते एका मोहाच्या झाडापाशी, जिथे वर वानरांची टोळी फुले खात होती आणि खाली चितळांचा कळप त्यांच्या हातून निसटलेली फुले व पाला वेचत होता. ही सोबत केवळ खाण्यापुरती नसते. वानराची नजर शेंड्यावरून दूरवर पोहोचते, तर चितळाचे नाक आणि कान जमिनीलगतचा धोका टिपतात.

तेवढ्यात वरून खाकरल्यासारखा आवाज आला. चितळांनी शेपट्या उभारल्या, एका मादीने पुढचा खूर जमिनीवर आपटला, आणि गाडीतले आम्हीही त्याच दिशेला माना वळवून श्वास रोखून बसलो. तो इशारा आमच्यासाठी नव्हता, तरी अंगावर काटा आला. क्षणभर आपणही त्या कळपातलेच आहोत असे वाटले. वाघ आला नाही. काही वेळाने चितळ पुन्हा चरू लागले.

1955 साली घोषित झालेले हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान; 'ताडोबा' हे नाव मात्र त्याहून कितीतरी जुने, गोंडांच्या तारू देवाचे. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे.

जाणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी गाभा क्षेत्र बंद असते. आणि चितळ दिसले की मार्गदर्शकाला गाडी थोडी थांबवायला अवश्य सांगा.