आठ टक्के व्यस्त प्रोसेसर आणि तुटणारा आवाज

टास्क मॅनेजर उघडून पाहावे तर प्रोसेसर जेमतेम आठ टक्के वापरात असतो, मेमरी निम्म्याहून अधिक मोकळी असते, आणि तरीही रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच ‘टक्’ असा आवाज येऊन हार्मोनियमचा लांबवलेला स्वर तुटतो. संगणक जुना झाला किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारे उपकरण) खराब निघाला असे समजून नवे यंत्र विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि नव्या यंत्रावरही तोच ‘टक्’ ऐकून हताश झालेलेही पाहिले आहेत. माझ्या घरच्या विंडोज डेस्कटॉपवर हा त्रास होता आणि त्याचे मूळ मोजमाप केल्यावरच सापडले, म्हणून त्या मोजमापाबद्दल जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी हिशेब पाहू. ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुने या दराने चालला असेल आणि बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा ध्वनीचा साठा, १२८ नमुन्यांचा ठेवला असेल, तर एक बफर २.६७ मिलिसेकंदांत संपतो. तो वाजत असतानाच सॉफ्टवेअरने पुढचा बफर भरून तयार ठेवायचा असतो. त्या मुदतीत काम झाले नाही, तर इंटरफेसकडे वाजवायला काही उरत नाही आणि आवाजात खंड पडतो. अशा मुदती सेकंदाला ३७५, म्हणजे तासाभरात साडेतेरा लाख येतात. त्यांतली एक जरी चुकली तरी ती कानाला कळते. तबलजीने आवर्तनभर उत्तम वाजवले आणि समेवर मात्र उशिरा आला, तर त्याच्या सरासरीला कोणी दाद देत नाही. टास्क मॅनेजर मात्र सरासरीच दाखवतो. तीन मिलिसेकंदांची अडवणूक त्याच्या आलेखात कुठेही उमटत नाही, आणि आपल्याला शोधायची असते ती नेमकी तीच.

ही अडवणूक बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारी सॉफ्टवेअरे, करतात. एखाद्या उपकरणाला प्रोसेसरचे लक्ष हवे असते तेव्हा ते इंटरप्ट देते. प्रोसेसर हातातले काम टाकून त्या उपकरणाच्या ड्रायव्हरमधला एक छोटा तुकडा चालवतो, आणि उरलेले काम ‘डिफर्ड प्रोसीजर कॉल’, म्हणजे डीपीसी, या स्वरूपात रांगेत लावतो. ‘डिफर्ड’ म्हणजे लांबणीवर टाकलेले असले, तरी हे काम सामान्य प्रोग्रॅमच्या मागे उभे राहत नाही. प्रोसेसरच्या ज्या कोअरवर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या ज्या भागावर, डीपीसी चालू आहे, त्या कोअरवर तो संपेपर्यंत विंडोजचा पाळी ठरवणारा शेड्यूलर कोणत्याही प्रोग्रॅमला, अगदी सर्वोच्च प्राधान्याच्या थ्रेडलाही (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यालाही), संधी देऊ शकत नाही. ध्वनीच्या थ्रेडला वरचे प्राधान्य देणारी सोय विंडोज व्हिस्टापासून आहे, पण डीपीसीपुढे तिचेही काही चालत नाही. डीपीसी १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त काळ चालू नये, अशी मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे, परंतु ती केवळ सूचना आहे. ड्रायव्हर थेट सेकंदांच्या हिशेबात अडून बसला तरच विंडोज निळा पडदा दाखवून यंत्र बंद पाडते. दोन-तीन मिलिसेकंद खाणाऱ्या ड्रायव्हरला कोणी हटकत नाही. पत्रलेखन, हिशेब किंवा चित्रपट पाहणे यांत तेवढा विलंब कोणाच्या लक्षातही येत नसल्यामुळे असे ड्रायव्हर वर्षानुवर्षे खपून जातात.

तरीही थेट ड्रायव्हरकडे बोट दाखवण्यापूर्वी आवाज नीट ऐकावा, कारण प्रत्येक बिघाडाचा नाद वेगळा असतो. सतत, एकसुरी ‘हूं’ येत असेल तर तो विजेचा आहे: आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्याची आणि त्याच्या पटींची ती गुणगुण असते, आणि तिचे मूळ बहुधा अर्थिंगमध्ये किंवा वेगवेगळ्या सॉकेटवर जोडलेल्या उपकरणांत सापडते. (जुन्या इमारतींमधल्या तीन पिनांच्या सॉकेटची तिसरी पिन कुठे जोडलेलीच नसते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) अगदी नियमित अंतराने बारीक टिकटिक येत असेल, तर दोन डिजिटल उपकरणांची घड्याळे एकमेकांशी जुळवलेली नसण्याची शक्यता मोठी असते. त्या घड्याळांना ताल देणाऱ्या दोन क्रिस्टलांमध्ये दहा लाखांत वीस भाग इतकाच फरक असला, तरी ४८,०००च्या दराला सेकंदाला जवळजवळ एक नमुना कमी किंवा जास्त पडतो. त्याला ड्रायव्हर बदलणे हा इलाज नाही. एका उपकरणाला दुसऱ्याचे घड्याळ मानायला लावणे हा आहे. आवाज कधीही, कुठेही, काही नियम न पाळता तुटत असेल, तरच पुढचा खटाटोप करावा. तो तुटका तुकडा रेकॉर्ड झालेल्या फाइलमध्येही आहे की फक्त ऐकताना आला, हेही तपासून घ्यावे, कारण फाइल स्वच्छ असेल तर निम्मी काळजी मिटते.

मोजण्यासाठी मी रेस्प्लेंडन्स या कंपनीचे ‘लेटन्सीमॉन’ वापरले. थेसिकॉनचे ‘डीपीसी लेटन्सी चेकर’ हे जुने साधन अजूनही सुचवले जाते. पण विंडोज ८ मध्ये टायमरची अंतर्गत रचना बदलली आणि तेव्हापासून ते निरोगी यंत्रावरही सुमारे १,००० मायक्रोसेकंदांचा आकडा दाखवत राहते, तेव्हा त्याच्या नादी लागू नये. लेटन्सीमॉन दोन मिनिटे चालवून हिरवी पट्टी दिसली की लोक समाधान मानतात. ते पुरेसे नाही. ते निदान तासभर चालू ठेवावे, आणि त्या वेळात रेकॉर्डिंगच्या वेळी जे जे चालू असते ते सगळे चालू ठेवावे. नंतर सरासरीचे आकडे सोडून द्यावेत आणि ड्रायव्हरांच्या यादीत ‘हायेस्ट एक्झिक्यूशन’ हा स्तंभ पाहावा. प्रोसेसरच्या पानावर कोणता कोअर सर्वाधिक अडला हेही पाहावे. अनेक यंत्रांवर बहुतेक इंटरप्ट शून्य क्रमांकाच्या कोअरवर येतात, आणि बाकीचे कोअर मोकळे बसलेले असताना तो एकटा गुदमरतो.

माझ्या यंत्रावर पहिल्या क्रमांकावर ‘एनडीआयएस डॉट एसवायएस’ हे नाव होते आणि त्याचा सर्वांत लांब डीपीसी दोन मिलिसेकंदांच्या पुढे गेलेला होता. येथे एक गोष्ट समजून घेणे फार आवश्यक आहे. एनडीआयएस हा कोणत्याही नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नाही. तो सर्व नेटवर्क ड्रायव्हरांसाठी विंडोजने उभारलेला सामायिक सांगाडा आहे, आणि कार्डाच्या ड्रायव्हरने लावलेला वेळ त्याच्या नावावर चढतो. ग्राफिक्ससाठी ‘डीएक्सजीकर्नेल’, डिस्कसाठी ‘स्टोरपोर्ट’ आणि इतर अनेक उपकरणांसाठी ‘डब्ल्यूडीएफ०१०००’ यांचीही तीच गत आहे. यादीत ही नावे दिसली की विंडोज पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला जातो, त्यात दिवस जातो, आणि तोच ड्रायव्हर पुन्हा बसवल्यामुळे तोच आवाज पुन्हा येतो. सांगाड्याचे नाव फक्त दिशा दाखवते. त्या दिशेला कोणकोणती उपकरणे आहेत ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकेक करून बंद करावीत आणि प्रत्येक वेळी पुन्हा तेवढाच वेळ मोजावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला हे कळत नाही.

नेटवर्कच्या दिशेला माझ्याकडे दोनच उपकरणे होती, केबलचे कार्ड आणि मदरबोर्डवरचे वायफाय. केबलचे बंद करून फरक पडला नाही. वायफाय बंद केल्यावर तो मोठा आकडा नाहीसा झाला. वायफाय कार्ड अधूनमधून आसपासची नेटवर्क शोधत राहते, आणि माझ्या कार्डाचा ड्रायव्हर त्या शोधाच्या वेळीच कोअर अडवून ठेवत होता. इंटरनेट केबलने चालू असल्यामुळे वायफायची गरजच नव्हती. तरी ते चालू राहिले होते, कारण कारखान्यातून आलेले काहीच आपण सहसा बंद करत नाही. केबल ओढणे शक्य नसेल, तर ड्रायव्हरची वेगळी आवृत्ती वापरून पाहावी, आणि ती जुनी असली तरी कमीपणा मानू नये. मोजमापात जी बरी ठरेल तीच ठेवावी.

एवढ्यावर माझे रेकॉर्डिंग जवळजवळ स्वच्छ झाले. ग्राफिक्स कार्ड मात्र उरले. ते वीज वाचवण्यासाठी आपला वेग सतत कमी-जास्त करते, आणि त्या बदलाच्या क्षणी ड्रायव्हर अडवणूक करू शकतो. कार्डाच्या नियंत्रणात कमाल कार्यक्षमतेचा पर्याय निवडल्यावर आणि मॉनिटरच्या एचडीएमआयमधून येणारे, कधीही न वापरलेले ध्वनी उपकरण बंद केल्यावर तो आकडाही उतरला. वीज बचतीचा विचार इतरत्रही करावा लागतो: यूएसबीचे सिलेक्टिव्ह सस्पेंड, पीसीआय एक्सप्रेसची लिंक स्टेट बचत आणि प्रोसेसरचा किमान वेग हे तिन्ही पॉवर प्लॅनमध्ये सापडतात. निवांत झोपलेल्या कोअरला जागे व्हायला जो वेळ लागतो, तो सुद्धा त्या २.६७ मिलिसेकंदांतूनच जातो. प्रोसेसर रिकामा असतानाच आवाज जास्त तुटतो, अशी विचित्र वाटणारी तक्रार बऱ्याचदा येथून उगम पावते.

यूएसबीबद्दल दोन शब्द. ध्वनीचे वहन यूएसबीवर ज्या पद्धतीने होते तिच्यात वेळेची जागा राखून ठेवलेली असते, पण बिघडलेला तुकडा पुन्हा मागवण्याची सोय नसते. पेन ड्राइव्हवर फाइल उतरवताना चूक झाली तर ती गुपचूप दुरुस्त होते, ध्वनीत ती ऐकू येते. म्हणून इंटरफेस हबवर न लावता मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावावा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणे जोडणीनुसार मांडून तो बाहेरच्या हार्ड डिस्कच्याच कंट्रोलरवर तर नाही ना, हे पाहावे.

काही विलंब असे असतात की जे विंडोजला दिसतच नाहीत, कारण ते मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच कोरलेल्या मूळ सॉफ्टवेअरच्या, पातळीवर घडतात. त्यातला एक प्रकार म्हणजे ‘सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट’: फर्मवेअर प्रोसेसर आपल्या ताब्यात घेते आणि परत देते, मधला वेळ कोणत्याही ड्रायव्हरच्या खात्यावर पडत नाही. लेटन्सीमॉनच्या यादीत एकही ड्रायव्हर दोषी दिसत नाही आणि तरी एकूण विलंब मोठा येतो, तेव्हा हा संशय घ्यावा. पंख्यांचा वेग, तापमान आणि दिव्यांचे रंग सांभाळणारी सॉफ्टवेअरे यात अनेकदा भर घालतात, आणि रेकॉर्डिंगच्या यंत्रावर त्यांचे काही काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा खोलवरच्या बिघाडांची दोन जाहीर उदाहरणे एएमडी या कंपनीच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या संगणकांची आहेत. ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी मध्येच तुटण्याचा आणि यूएसबी ध्वनी खरखरण्याचा दोष कंपनीने २०२१ मध्ये मान्य केला व नव्या फर्मवेअरने दुरुस्त केला. २०२२ मध्ये तिच्या रायझेन प्रोसेसरच्या काही संगणकांवर फर्मवेअरमधील टीपीएमच्या (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाच्या) व्यवहारांमुळे यंत्र अधूनमधून अडखळते, हेही तिने मान्य केले, आणि त्यावरही उपाय बायोसच्या, म्हणजे त्याच फर्मवेअरच्या, अद्ययावत आवृत्तीतूनच आला. या दोन्ही वेळी ज्यांनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, फेरफार केले, त्यांना गुण येणे शक्यच नव्हते. लिनक्सवर गेल्यानेही हा भाग सुटत नाही. २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये (त्या प्रणालीच्या गाभ्यात) ठरल्या मुदतीत काम उरकण्याची रिअल टाइम पद्धती आली ही मोठी गोष्ट आहे, पण फर्मवेअरने पळवलेला वेळ कोणताही कर्नेल परत आणू शकत नाही.

रजिस्ट्रीचा विषय निघालाच आहे, तर टायमर बदला, अमुक सेवा बंद करा, तमुक किल्ली शून्य करा अशा याद्यांविषयी माझे मत चांगले नाही. त्यातले एखादे कलम एखाद्या यंत्रावर खरोखर लागू पडले असेल. पण न मोजता पंधरा बदल एकदम केले की आवाज सुधारला तरी कारण अज्ञात राहते, आणि पुढच्या विंडोज अपडेटनंतर तो पुन्हा तुटला तर कुठून सुरुवात करावी हे उमगत नाही.

त्याआधी विचारण्याजोगा प्रश्न असा, की बफर इतका लहान हवा आहे तरी कशाला? मिक्सिंग करताना किंवा नुसते ऐकताना तो १,०२४ नमुन्यांचा केला, तर मुदत २१ मिलिसेकंदांहून अधिक होते आणि दोन-तीन मिलिसेकंदांची अडवणूक निमूट पचून जाते. लहान बफर लागतो तो गाताना स्वतःचा आवाज संगणकातून फिरून कानात यावा लागतो तेव्हा, आणि बहुतेक इंटरफेसमध्ये तो आवाज संगणकात न पाठवता थेट हेडफोनवर ऐकण्याची सोय असते. शिवाय आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा साडेतीन मीटरांवर बसलेल्या साथीदाराचे वाद्य ऐकण्याइतका असतो, आणि मैफलीत कोणी त्याबद्दल कुरकुर करत नाही. मी आता गायन थेट ऐकून २५६ नमुन्यांच्या बफरवर रेकॉर्ड करतो. १२८ फक्त संगणकातले वाद्य कीबोर्डवरून वाजवायचे असते तेव्हाच.

लेटन्सीमॉनने दिशा दाखवूनही गुन्हेगार निश्चित होत नसेल, तर मायक्रोसॉफ्टचे ‘विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डर’ वापरावे. आवाज तुटत असताना त्याने केलेली नोंद ‘विंडोज परफॉर्मन्स ॲनालायझर’मध्ये उघडली की प्रत्येक डीपीसी कोणत्या ड्रायव्हरमधल्या कोणत्या फंक्शनने किती मायक्रोसेकंद चालवला, याचा तक्ता मिळतो, आणि सांगाड्याच्या नावाआड लपलेले खरे नाव तेथे उघड होते. साधन किचकट आहे, पहिल्यांदा पाहताना गोंधळायला होते. पण ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची असेल तर ‘आवाज तुटतो’ एवढ्या वाक्याऐवजी ती नोंदीची फाइल, ड्रायव्हरची आणि बायोसची आवृत्ती, आणि आवाज तुटला ती वेळ सेकंदासह लिहून पाठवावी.