नवे आयर्न हातात बसेपर्यंत

गोल्फच्या माझ्या जुन्या सात नंबर आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबने, बॉल १३० यार्डांवर पडायचा. क्लबचा नंबर जितका लहान तितका बॉल लांब. बरीच वर्षं त्यात फारसा फरक नव्हता. दिवाळीनंतर नवा सेट घेऊन खारघरला सिडकोच्या कोर्सवर गेलो. अंतर तेवढंच होतं, हातात सात नंबरच होता, आणि बॉल ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवरून, थेट मागच्या झाडीत गेला. पुढच्या वेळी त्याच क्लबने मारला तर जमिनीला चाटत कसाबसा सत्तर यार्ड. त्यानंतरचा डावीकडे. दिवसभरात एक शॉट दुसऱ्यासारखा बसला नाही. परतताना मित्र गाडी चालवत होता, वडखळ येईपर्यंत मी त्याच्याशी धड बोललो नाही.

जुना सेट काकांचा. मुंबईची नोकरी संपवून ते अलिबागजवळ नागावला कायमचे राहायला आले तेव्हा त्यांनी तो मला दिला. घडीव लोखंडाचे, अरुंद तळाचे, जड स्टील शाफ्टचे (दांड्याचे) क्लब. मी त्यांच्यावरच शिकलो. दोन वर्षांपासून उजवा खांदा दुखायला लागला, म्हणून हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचा सेट घ्यायचं ठरवलं. दुकानात जाळीवर दहा बॉल मारले. विक्रेता म्हणाला, “स्टँडर्ड साइज आहे, सगळ्यांना चालते.” माझी उंची पाच फूट चार इंच. त्याने मोजायला हवं होतं, आणि मी ‘मोज’ म्हणायला हवं होतं. दोन्ही राहिलं.

पहिले पंधरा दिवस मी सगळा दोष स्विंगवर टाकला. उभं राहणं बदललं, ग्रिप बदलली, खांदे कमी फिरवून पाहिले. जेवढं बदलत गेलो तेवढं बिघडत गेलं. शेवटी काकाच म्हणाले, “अरे, आधी क्लब तपासून घे. नसलेला आजार किती दिवस बरा करणार?” मुंबईत क्लब दुरुस्त करणारे त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. दोन्ही सेट घेऊन मांडव्याहून लाँचने गेलो.

त्यांनी माझा जुना सात नंबर यंत्रात अडकवला. लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणारा क्लबचा फेस मागे किती कलला आहे तो कोन, ३६ अंश. नवा सात नंबर ३० अंश. फेस मागे कमी कललेला, म्हणजे बॉल खालून आणि लांब जाणार. माझा जुना सहा नंबर ३२ चा होता. तळावर ७ लिहिलेला हा क्लब माझ्या जुन्या सहापेक्षाही ताठ होता, वर शाफ्ट पाव इंच लांब. “आकड्यावर जाऊ नका, अंश लिहून ठेवा,” ते म्हणाले. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये असंच असतं. फेस ताठ ठेवतात आणि वजन खाली, मागे नेतात, त्यामुळे कमी लॉफ्ट असूनही बॉल उचलला जातो. पण याचा एक परिणाम माझ्या डोक्यातच आला नव्हता. नव्या पिचिंग वेजचा (वेज म्हणजे जवळच्या शॉटचा, जास्त कललेला क्लब) लॉफ्ट ४४ आणि माझा जुना सँड वेज ५६. मधे १२ अंशांची खिंड. ती भरायला ५० चा एक वेज वेगळा घ्यावा लागला.

मग त्यांनी बॉलवर मार्करने जाड रेघ ओढली, रेघ उभी राहील आणि फेसकडे येईल असा बॉल ठेवला आणि मला मारायला लावलं. रेघेचा ठसा फेसवर उमटला. तो ग्रूव्ह्जना, म्हणजे फेसवरच्या आडव्या खाचांना, काटकोनात हवा. माझ्या ठशाचा शेंडा ‘टो’कडे, म्हणजे क्लबच्या बाहेरच्या टोकाकडे, कलला होता. म्हणजे बॉलला लागताना क्लबचा टो हवेत होता आणि शाफ्टकडची बाजू, हील, जमिनीवर टेकत होती. अशा वेळी फेस डावीकडे बघतो. पंधरा दिवस मी ज्या डाव्या शॉटशी झगडत होतो, त्याचं मूळ लायमध्ये, म्हणजे शाफ्टच्या जमिनीशी होणाऱ्या कोनात, होतं. त्यांनी सगळे क्लब दोन अंश सपाट करून दिले. नव्याने मारलेल्या बॉलची रेघ सरळ उमटली. ती फेसवरची निळी रेघ मी कितीतरी वेळ बघत राहिलो.

यानंतर जे उरलं ते मात्र माझंच होतं.

नव्या क्लबने बॉल खालून निघतो हे डोळ्यांना खपत नव्हतं, आणि नकळत मी तो उचलायला जात होतो. वजन मागच्या पायावर राहायचं, क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागायचा. हे कळलं नागावच्या वाळूत. आमच्याकडे भरतीच्या वेळेचा हिशेब सोपा आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट. द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे सकाळी सव्वासातला पाणी पार आत गेलेलं असतं आणि ओली, घट्ट वाळू मोकळी मिळते. घोडागाड्या आणि पर्यटक यायच्या आत तासभर हातात असतो. मी बॉल नेतच नव्हतो, किनाऱ्यावर तो मारूही नये. काठीने लांब रेघ ओढायची, रेघ म्हणजे बॉल समजायचा, आणि स्विंग करत रेघेवरून पुढे सरकत जायचं. क्लबने खरवडलेली वाळू रेघेच्या पुढे सुरू व्हायला हवी.

पहिल्या दिवशीच्या वीस खुणा अजून डोळ्यांसमोर आहेत. एक सोडून सगळ्या रेघेच्या मागे, काही तर चार-चार बोटं मागे. पाणी चढायला लागलं आणि त्या पुसल्या गेल्या, पण मला हवं ते दिसलं होतं. मग एकच गोष्ट धरली. स्विंग सुरू करण्याआधीच वजन थोडं डाव्या पायावर, आणि छातीचं बटण रेघेच्या पुढेच ठेवायचं. अमावस्येनंतरच्या द्वितीयेपर्यंत वीसपैकी तेरा खुणा रेघेपुढे आल्या.

सुरुवातीला वाळूसाठी फक्त सात नंबरच वापरला. रेती फेसला आणि तळाला ओरखडते, त्यामुळे बाकीचे क्लब बॅगेतच ठेवले. घरी आल्यावर तो विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचा, कोरडा पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. खारा वारा एका रात्रीत ओरखड्यावर गंज धरतो.

बॉल मारायची सोय वाडीत केली. शेजारच्या कोळीदादांनी जुनं जाळं दिलं. त्याचे आस, म्हणजे भोकं, बॉलपेक्षा जेमतेम लहान, म्हणून दुहेरी करून दोन पोफळींमध्ये बांधलं, खाली काथ्याची चटई. फेसवर टाल्कम पावडर फासली की बॉल कुठे लागला ते लगेच कळतं. डाग हीलकडे जमत होते. ग्रिप अर्धा इंच खाली धरल्यावर ते मध्यावर सरकले. हलक्या शाफ्टने आणखी एक घात केला होता. जुना जड क्लब वर गेला की आपलं वजन जाणवून देत असे, हात आपोआप थांबत. ग्रॅफाइटचा क्लब वर पोचायच्या आतच मी खाली ओढायचो. आता मनात मोजतो. वर जाताना एक-दोन-तीन, खाली येताना चार. खांद्यालाही ही लय मानवली.

फेब्रुवारीत खारघरला १३० यार्डांवर उभा होतो. नेहमीच्या कॅडीने, म्हणजे बॅग सांभाळणाऱ्याने, सवयीने सात नंबर पुढे केला. मी आठ मागितला. “साहेब, पोचेल?” त्याने विचारलं. बॉल बसल्याचा आवाजच वेगळा आला, आणि तो ग्रीनवर झेंड्याच्या उजवीकडे पडला. त्याने काही न बोलता कार्डाच्या मागे पेनने लिहून घेतलं, आठ, १३०.

पाच नंबर अजून हातात बसलेला नाही. त्याची खूण रेघेवरच येते, पुढे सरकत नाही. येत्या द्वितीयेला सकाळी सातला काकाही किनाऱ्यावर येणार आहेत. म्हणालेत, काठी मी आणतो.