गड्डा कुणाकडे

दुपारी वकीलबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "सुट्ट्या, सणवार, कुठल्या दिवशी मूल कुणाकडे, सगळं लिहून काढा. मोघम ठेवलं की पुढे भांडणं होतात." दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी. उन्हाळ्याची तशीच. पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार बाबांकडे. मग लिहिलं, गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची संक्रांतीतली सिद्धेश्वराची जत्रा, आईकडे. जराही न थांबता लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तेव्हापासून ती रेघ डोळ्यांपुढून हलत नाही.

अर्जात पिल्लू म्हणजे 'अज्ञान मुलगा', कायद्याने सज्ञान न झालेला. ५ वर्षांच्या आतला असता तर १९५६ च्या कायद्याने ताबा सहसा आईकडे. हा ८ वर्षांचा. आता त्याचं हित बघून ठरणार, आणि न्यायाधीशांना वाटलं तर त्यालाही विचारणार. ताप मी काढले, पाढे मी घेतले, रात्री दचकून उठला की मीच असते. तरी शपथपत्रावर सही करून सांगायचं, की माझ्याकडे तो नीट राहील. सात रस्ता चौकापर्यंत चालत आले, रिक्षा केलीच नाही. रडू येत होतं. आई म्हणाली, "तू आधीच..." जाऊ दे.

पण गड्डा का मागितला मी? होम मैदानावर पाळण्यात बसवलं असतं, खेळणं घेऊन दिलं असतं, घरी आणलं असतं. मिरवणुकीत तो माझ्याबरोबर कधी चाललाच नाही. मी बाळीवेशीत कडेला उभी राहायची. पांढऱ्या बाराबंदीतल्या त्या गर्दीत बाबांच्या धोतराचा सोगा मुठीत धरून येणारा हा एवढासा, "बोला हर्र"ला घसा ताणून ओरडायचा, आणि मी समोर असून मला ओळखही द्यायचा नाही. त्याचंच मला तेव्हा किती कौतुक वाटायचं.

म्हणजे मी गड्डा त्याच्यासाठी मागितला नाही. तिकडून काढून घ्यायला मागितला. त्याच टेबलावर, 'मुलाचे हित' लिहिलेल्या कागदावर सही केल्यावर पाचच मिनिटांनी.

संध्याकाळी कपाटातून त्याची बाराबंदी काढली. ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशीचा तेलाचा डाग छातीवर तसाच आहे. तो मीच दोनदा घासला होता. एक बंद तुटलाय.

वकीलबाईंना फोन केला. गड्ड्याचे दिवस त्यांच्याकडे लिहा म्हटलं, अक्षता सोहळा आणि शोभेच्या दारूकामासकट. त्या म्हणाल्या, "न मागता देताय?" हो म्हटलं. पुढं काही सुचलं नाही. दिवाळीतला पाडवा मात्र सोडणार नाही, तो माझा.

आता बाराबंदी नवी शिवायला टाकावी लागेल. तो झोपलाय. जुनीची बाही दंडाला लावून पाहिली तर चांगली चार बोटं तोकडी. झोपेतच त्याने हात ओढून घेतला.