सोलैमंदीच्या शोधात: वालपाराई ते सैरंध्री

तमिळनाडूतल्या पोल्लाचीहून वालपाराईला चढताना प्रत्येक हेअरपिन वळणाचा आकडा रस्त्याकडेला लिहिलेला असतो. एकूण चाळीस वळणं. सुरुवातीला खाली आळियार धरणाचं पाणी दिसत राहतं, मग हवा गार होते, आणि वर पोचलं की जिकडेतिकडे चहा. कातरलेला, हिरवागार, डोळ्यांना फार सुंदर दिसणारा चहा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे सदाहरित जंगल होतं, हे मनाला बजावून सांगावं लागतं.

मी आले होते सिंहपुच्छ माकडासाठी. मराठीत बरेच जण त्याला ‘सिंहपुच्छ वानर’ म्हणतात आणि ते मला खटकतं. वानर पानं खाऊन राहणारं. हे गालात पिशव्या असलेलं, फळं आणि किडे खाणारं अस्सल माकड. कानडीत सिंगळीक, तमिळमध्ये सोलैमंदी. जगात ते फक्त पश्चिम घाटात आढळतं, तेही कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत. आपल्याला सर्वांत जवळची वस्ती उत्तर कन्नडमधल्या सिरसी-होन्नावरच्या रानात. तिथे २०११ साली त्याच्यासाठी अघनाशिनी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. सगळी मिळून ही माकडं चार हजारांहूनही कमी उरली आहेत.

इतक्या दुर्मीळ प्राण्यासाठी दोन-तीन दिवस पायपीट करायची माझी तयारी होती. पण पहिल्याच सकाळी, वालपाराई गावाच्या वेशीवर पुदुतोट्टमला, ते रस्त्यावर दिसलं. एक मोठा नर कठड्यावर बसला होता. काळाभोर अंगरखा, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. माझ्यापासून दहा फुटांवर. मागून माद्या, पिल्लं, एकेक करत डांबरी रस्ता ओलांडत होती. मी आनंदाने अक्षरशः थरथरत होते. कॅमेरा काढायचंही सुचलं नाही.

तेवढ्यात एक तरुण हात वर करून रस्त्याच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि वळणावरून येणारी जीप त्याने थांबवली. माकडांवर लक्ष ठेवणं हेच त्याचं काम. शेवटचं पिल्लू पलीकडे गेल्यावर तो माझ्याकडे वळला. “अक्का, इतकी जवळून दिसली म्हणून खूश होऊ नका,” तो मोडक्या हिंदीत म्हणाला. “यांनी वर असायला पाहिजे.” आणि त्याने बोट आभाळाकडे केलं.

त्याच्याबरोबर मी दोन दिवस फिरले आणि त्याचं म्हणणं हळूहळू कळत गेलं. सोलैमंदीचं सगळं आयुष्य झाडांच्या माथ्यावर. एका झाडाची फांदी दुसऱ्याला भिडलेली, त्यावरून दुसरं, तिसरं. कळपाने दिवसभर फिरायचं, फळं खायची, सालीखालचे किडे टिपायचे आणि जमिनीवर क्वचितच उतरायचं. मळ्यांनी ती वरची वाट तोडली. पुदुतोट्टमचं रान उरलंय जेमतेम ९२ हेक्टर, त्यातही कॉफीची झुडपं, आणि चहूबाजूंनी चहा. चहाच्या झुडपावरून माकड कुठे जाणार? नर वयात आला की खरं तर त्याने दुसरा कळप गाठायचा. इथे बाहेर पडायला वाटच नाही. त्यामुळे या एवढ्याशा तुकड्यात आज दीडशेहून जास्त माकडं आहेत, आणि ती पेरू, फणस, कॉफीची फळं खातात, मळेकामगारांच्या चाळींमधल्या स्वयंपाकघरात शिरतात, कचरापेटी उपसतात. संख्या वाढली म्हणून कुणाला बरं वाटेल. मला त्या आकड्याची भीती वाटली. एखादी साथ आली तर?

कारण गेलेलं भरून यायला इथे फार वेळ लागतो. मादीला पहिलं पिल्लू होतं तेव्हा ती साधारण सहा वर्षांची असते. साडेपाच-सहा महिने गर्भारपण, एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन पिल्लांमध्ये अडीच-तीन वर्षांचं अंतर. कळपात प्रौढ नर बहुधा एकच. गाडीखाली एक मादी गेली की त्या कळपाची कित्येक वर्षं गेली.

म्हणून रस्त्यावर पूल बांधले आहेत. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी आगीच्या बंबाच्या जुन्या नळ्या विणून या बाजूच्या झाडापासून त्या बाजूच्या झाडापर्यंत टांगल्या आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक मादी पिल्लाला पोटाशी धरून त्यावरून जाताना पाहिली. खालून एसटीसारखी लाल नसली तरी तशीच खडखडणारी बस गेली. तिने खाली पाहिलंसुद्धा नाही.

याच संस्थेने तुकड्यांमधली ओसाड जागा मूळच्या झाडांनी भरून काढायचं काम २००० च्या सुमारास सुरू केलं. रोपवाटिकेत मला वेडिप्लाचं रोप दाखवलं. हे झाड म्हणजे सोलैमंदीचं कोठार. फुलं थेट फांद्यांवर घोसांनी लगडतात, फळ काटेरी, आमच्या कोकणातल्या कोवळ्या कुयरीची आठवण करून देणारं. माकडं फुलंही खातात आणि फळ फोडून बियाही. गुडघ्याएवढ्या त्या रोपाला माथा गाठायला किती दशकं लागतील, हे मी विचारलं नाही.

परतीच्या आधी पालक्काडमार्गे केरळातल्या सायलेंट व्हॅलीला गेले. इथे सैरंध्रीजवळ कुंतीपुळा नदीवर वीजप्रकल्पासाठी धरण होणार होतं. सत्तरच्या दशकात लोक उभे राहिले, याच माकडाचं नाव देशभर झालं, प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. मुक्कालीहून जीपने तेवीस किलोमीटर. मनोऱ्यावर चढले तर नजर जाईल तिथवर झाडांचे माथे एकमेकांत गुंतलेले, मध्ये कुठेच फट नाही.

तासभर थांबले. एकही माकड दिसलं नाही. मग दरीच्या पलीकडून नराची हाक आली: हू, हू, हू, खोल आणि लांबवर जाणारी. पलीकडच्या उतारावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. दोन कळप, दोन वेगळे नर. पुदुतोट्टमच्या त्या कठड्यावरच्या नराला अशी साद घालायला चहाच्या पलीकडे कुणी नव्हतं. जीपवाल्याने खालून दोनदा हॉर्न वाजवला. मी तिसरी हाक येईपर्यंत खाली उतरले नाही.